'डक' म्हणजे बदक, मग बाकीचे डक कुठून आले?

प्रश्न (नॉटिंगहॅमवासी):
सहा महिने झाले इथे येऊन. दुकानात, बसमध्ये कोणीही अनोळखी माणूस 'मी डक' (इथल्या बोलीत 'मी' म्हणजे 'माय', माझं) म्हणून हाक मारतो, आधी मला खटकायचं, मग कळलं प्रेमाने म्हणतात, आपल्याकडे 'बाळा' म्हणतात तसं. आता मुलगी विचारतेय की डोकं खाली घालणं पण डक, शून्यावर आऊट पण डक, आज्जीचे बोंबील पण 'बॉम्बे डक', हे सगळं बदकावरूनच आलंय का? तिला खरं ते सांगायचंय, कोणी सांगेल का प्लीज.

भाषावेडी:
डोकं खाली घालण्याचं उलटं आहे बघा! बदकाला जुन्या इंग्रजीत 'एनेड' म्हणायचे, जर्मनमध्ये अजून 'एन्टे' आहेच. 'डक' म्हणजे बुडी मारणारा, बुडी मारण्याच्या क्रियापदावरून पक्ष्याला नाव पडलं आणि जुनं नाव गेलं. आपली पाणबुडी कशी, जे काम तेच नाव.

गल्लीक्रिकेट:
शून्याचा आकार अंड्यासारखा म्हणून आधी 'डक्स एग' म्हणायचे, नंतर अंडं गळलं आणि नुसतं डक राहिलं. आपण भोपळा म्हणतो, गोल तोही. ब्रॅडमन १९४८ ला ओव्हलवर शेवटच्या कसोटी इनिंगमध्ये हॉलिजच्या दुसऱ्याच बॉलवर बोल्ड झाला, सरासरी १०० व्हायला ४ रन हवे होते फक्त, ती ९९.९४ वर अडकली कायमची. अजून वाईट वाटतं. पहिल्या बॉलवर गेला असता तर गोल्डन डक.

वसईकर:
बॉम्बे डकबद्दल सगळे सांगतात की मुंबईच्या डाकगाडीतून सुके बोंबील जायचे त्यांच्या वासावरून 'बॉम्बे डाक', त्याचं डक झालं. पण आपल्याकडे रेल्वे आली १८५३ ला आणि हे नाव त्याच्या आधीच्या इंग्रजी लिखाणात आहे, त्यामुळे मुलीला ती गोष्ट खरी म्हणून सांगू नका. त्यापेक्षा बोंबील तोंडात तोंड अडकवून बांबूवर कसे वाळत घालतात त्याचा फोटो दाखवा, बदकाशी त्याचा काही संबंध नाही हे लगेच कळेल तिला.

भाषावेडी:
आणि हो, जाड कॅनव्हासला पण डक म्हणतात, तो तर शब्दच वेगळा, डच भाषेतल्या 'डूक' म्हणजे कापड यावरून आलेला.

नॉटिंगहॅमवासी:
खूप आभार सगळ्यांचे, मी आजपर्यंत तिला डाकगाडीचीच गोष्ट सांगत होतो, आज रात्री दुरुस्त करतो.