मदत हवी आहे: आईचा 'अंदाज' भाच्यांना शिकवायचा कसा?

आमच्या घरात एक पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या होत आलाय. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढचे तीस प्रतिसाद 'आमच्याकडे असा करत नाहीत' यावरच जातील. एवढंच सांगते की त्यात पीठ मळणं आहे, तळण आहे आणि वर पाक आहे. आई तो तिच्या आजीकडून शिकली. माझ्या पिढीत कोणालाच धड येत नाही, मलाही नाही, हे आधीच कबूल करून टाकते.

आता १६ वर्षांचा भाचा आणि ११ वर्षांची भाची मागे लागलीत, आम्हाला शिकव म्हणून. (भाच्याचा रस खाण्यापुरता आहे अशी मला दाट शंका आहे, पण तेही चालेल.) आई ७४ची आहे, हात अजून झपझप चालतात.

मागच्या रविवारी मुहूर्त केला. भाचा वही घेऊन बसला.

"आजी, पीठ किती?"
"पाण्यात मावेल तेवढं."
"बरं, पाणी किती?"
"पिठाला लागेल तेवढं!"

त्याने वही मिटली.

भाची मळायला बसली. दोनच मिनिटं झाली असतील, आई म्हणाली, "आण इकडे, नाहीतर रात्र होईल," आणि परात ओढून घेतली. मग लाटणंही तिनेच घेतलं, झाराही. आम्ही तिघं रांगेत उभे राहून बघत होतो. पदार्थ नेहमीसारखा फक्कड झाला. शिकलं मात्र कोणीच नाही.

गुरुवारी आई घरी नव्हती, तेव्हा आम्ही तिघांनीच घाट घातला. पीठ लाटलं की परत आक्रसायचं, अगदी रबरासारखं. तळल्यावर वरून तांबूस, आत कच्चं. आणि पाक रात्री चकचकीत दिसत होता, सकाळी त्याची खडबडीत साखर झालेली. भाची ती खरवडून खात होती, तिची काही तक्रार नव्हती.

तर दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे या तिन्ही चुका कशाने झाल्या. दुसरं, आईचा अंदाज कागदावर कसा उतरवायचा, आणि तेही तिला न दुखावता? ती म्हणते, "मी काय मोजून केलं कधी?" 'व्हिडिओ काढा' असं कृपया सुचवू नका. काढलाय. त्यात आईची पाठ दिसते.

प्रतिसाद १

आईला मोजायला सांगूच नका. पिठाचा डबा आधी काट्यावर ठेवा, तिला हवं तेवढं घेऊ द्या, नंतर डबा परत तोला. फरक म्हणजे तिचा अंदाज. पाण्याच्या तांब्याचं आणि तेलाच्या बरणीचंही तसंच. तिचा हात अडत नाही, तुमचा आकडा चुकत नाही. तीन खेपा करा, कारण एका वेळचा आकडा फसवतो. वाटीवर विसंबू नका. तीच वाटी हलक्या हाताने भरली तर १२० ग्रॅम मैदा, दाबून भरली तर १५० पर्यंत जातो. आणि भाचीची मूठ म्हणजे आईची मूठ नव्हे.

प्रतिसाद २

पीठ आक्रसतं कारण मळताना ते ताणलं गेलेलं असतं. झाकून अर्धा तास ठेवा, मुकाट्याने लाटलं जाईल. तुमच्या आई बहुधा पीठ भिजवून 'जरा दुसरं काम आवरते' म्हणत असतील. तेच काम पाककृतीत लिहायचं राहतं!

वरून तांबूस आणि आत कच्चं म्हणजे तेल जास्त तापलेलं. जाडसर वस्तूला १६० ते १७० अंश पुरतात. कढईत गर्दी केली तर उलटं होतं, तेल गार पडतं आणि पदार्थ तेल पितो.

पाकाची साखर झाली कारण साखर विरघळल्यावरही कोणीतरी ढवळत होतं. (खरं सांगा, भाचा ना?) कडेला चिकटलेला एक दाणा आत पडला तरी सगळा पाक त्याच्याभोवती गोठायला लागतो. विरघळेपर्यंतच ढवळा, मग चमचा बाजूला. कडा ओल्या ब्रशने पुसा, लिंबाचे चार थेंब पिळा. आंबटाने थोडी साखर फुटते आणि दाणे धरणं अवघड होतं.

गोळीबंद पाक ११२ ते ११६ अंशांवर येतो. थर्मामीटर घेतलात तर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. उंचावर राहत असाल तर पाणी १०० च्या आधीच उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी. पाण्यात ९८ दाखवलं तर पाकाच्या आकड्यातूनही २ वजा करा.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांना अनुमोदन, पण तुमची खरी अडचण परात ओढून घेण्याची आहे. आमच्याकडे सासूबाईंचं हेच होतं. मी त्यांना ओट्यापासून चार हात लांब खुर्ची दिली आणि पाय दुखतात ना, बसा म्हटलं. 'किती घालू' हा प्रश्न बंद केला. त्याऐवजी 'आता तुम्ही काय बघताय?' असं विचारायला लागले. त्याबरोबर त्या बोलायला लागल्या: फेस बसला की, वास बदलला की, झाऱ्याला जड लागलं की. हे त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

प्रतिसाद ४

११ वर्षांच्या मुलीला पाकाची तार बोटांत धरून बघायला लावू नका. पाक कातडीला चिकटून राहतो आणि भाजत राहतो. गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकून गोळी होते का बघू द्या. तेल पेटलं तर गॅस बंद आणि वर झाकण, पाणी अजिबात नाही, हे तिला तोंडपाठ हवं. भाजलंच तर २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली. बर्फ नको, टूथपेस्ट तर नकोच.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. ढवळणारा भाचा नव्हता, मी होते.

काल डबा तोलायचा प्रयोग केला. आईने तीन वेळा पीठ घेतलं: ४१२, ४०५, ४१८ ग्रॅम. भाच्याने आकडे वाचून दाखवले तेव्हा ती काट्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "चारशे अठरा? तेव्हा फोन वाजला होता ना, म्हणून."

खुर्चीवर ती सात मिनिटं बसली. आठव्या मिनिटाला उठली, पण परात ओढली नाही. भाचीच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "तळव्याने मळ, बोटांनी नाही." हे वहीत लिहून घेतलंय.

तळण अजून जमलेलं नाही. आईकडे तेलात पिठाचा कण टाकून बघायची पद्धत आहे. तो लगेच वर आला की तेल तयार, असं ती म्हणते. 'लगेच' म्हणजे किती सेकंद, हे कोणी थर्मामीटर लावून बघितलंय का?