मदत हवी आहे: कारखान्याचं जीमेल भरलंय, पार्ट्यांच्या मेल परत जातायत

टॉवेल_कारखाना
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. ऑफिसचं काम मी बघते. सोमवारी एका जुन्या पार्टीचा फोन आला, "मॅडम, तुम्हाला पाठवलेली मेल परत येतेय." उघडून बघितलं तर जागा संपल्याची सूचना. खातं फुकटचं, १५ जीबीचं.

पत्ता बदलणं शक्य नाही. तो व्हिजिटिंग कार्डावर आहे, बिलबुकावर आहे, जीएसटीच्या नोंदणीतही आहे. जुन्या मेल सरसकट उडवताही येत नाहीत. एखादी पार्टी चार वर्षांनी येते आणि म्हणते, मागच्याच बॉर्डरचा माल द्या, फक्त रंग बदला. ती बॉर्डर, मंजूर झालेली शेड, ठरलेला जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरचं वजन) सगळं त्या मेलमध्ये असतं. अप्पांच्या लेखी ते खातं म्हणजे कारखान्याचं दप्तर आहे.

शिवाय अटॅचमेंटचा घोळ. मर्यादा २५ एमबी म्हणतात, पण डिझायनरची २१ एमबीची फाइल जात नाही. जेकार्डच्या (नक्षी विणण्याच्या) सॉफ्टवेअरचा सेटअप झिप करून पाठवला तर तोही अडवला. पैसे भरायला अप्पा नाही म्हणणार नाहीत, पण आधी फुकटात काय होतं ते बघायचंय. कृपया सांगा, ऑर्डरी अडकल्यात.

जुळे_सोलापूरकर
ताई, आधी एकही मेल डिलीट करू नका. गूगलचं स्टोरेजचं पान उघडा. १५ जीबी नुसत्या मेलचे नाहीत. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहेत. कोणी किती जागा खाल्लीय ते तिथे वेगवेगळं दिसेल. हेच खातं कोणाच्या फोनमध्ये घातलंय का?

आणि एक महत्त्वाचं. परत गेलेल्या मेल जागा मोकळी झाल्यावर आपोआप येत नाहीत. मोठ्या पार्ट्यांना आजच फोन करा आणि पुन्हा पाठवायला सांगा.

टॉवेल_कारखाना
बघितलं. मेल जेमतेम ४ जीबी! फोटो ९ च्या आसपास, उरलेलं व्हॉट्सॲपचं बॅकअप. अप्पांच्या फोनमध्ये हेच खातं आहे. मागावरचे व्हिडिओ, शेड कार्डांचे फोटो, नातवाचे वाढदिवस, सगळं वर जातंय.

जुळे_सोलापूरकर
वाटलंच होतं. १ जून २०२१ आधी आकार कमी करून चढवलेले फोटो या हिशेबात धरत नव्हते, तेव्हापासून धरतात. अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप बॅकअपही २०२४ पासून याच १५ जीबीत मोजतात. अप्पांच्या फोनसाठी वेगळं खातं काढा आणि दोन्ही बॅकअप तिकडे वळवा. जुने फोटो आधी हार्डडिस्कवर उतरवा, दोन-चार उघडून तपासा, मगच इथून काढा. कचऱ्यात टाकलेलं रिकामं करेपर्यंत जागा अडवतंच, तेही विसरू नका. हे काम टाळू नका मात्र. खातं दोन वर्षं मर्यादेबाहेर राहिलं तर गूगल आतला मजकूर काढून टाकू शकतं.

नवी_पेठ
अटॅचमेंटचं मी सांगतो, आमच्या युनिफॉर्मच्या धंद्यातही रोजचं आहे. मेलमधून जाताना फाइलचं रूपांतर साध्या अक्षरांत होतं आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे २१ ची २८ होते. फाइल १८ एमबीच्या आत असेल तर निर्धास्त पाठवा. त्यावरची असेल तर ड्राइव्हवर चढवून लिंक द्या. मात्र लिंकवाली फाइल पाठवणाऱ्याच्या जागेत मोजली जाते, तुमच्या नाही. त्यामुळे डिझायनरलाच त्याच्या ड्राइव्हवरून लिंक द्यायला सांगा आणि आल्या आल्या उतरवून घ्या. त्याने काढली की तुमच्याकडूनही गेली.

सेटअप अडतो कारण ईएक्सई, बॅट, जेएस असल्या चालणाऱ्या फाइली जीमेल घेतच नाही, झिपमध्ये असल्या तरी. व्हायरस असो-नसो. तो पेन ड्राइव्हवर मागवा किंवा सॉफ्टवेअरवाल्याच्या साइटवरून उतरवा.

बाळीवेस_काका
२००४ साली जीमेल १ जीबी घेऊन आलं तेव्हा हॉटमेल २ एमबी देत होतं. रोज संध्याकाळी मेलबॉक्स झाडल्याशिवाय सकाळची मेल येत नसे. तारीख १ एप्रिल, त्यामुळे पुष्कळांना ती बातमी थापच वाटली होती. मुद्दा असा, की झाडायची ती सवय पुन्हा लावायला हवी. जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजीत लार्जर, मग अपूर्णविराम, मग १०एम असं सलग टाका. १० एमबीवरच्या सगळ्या मेल समोर येतील. पाठवलेल्या मेलही तपासा. एकच कॅटलॉग पन्नास पार्ट्यांना वेगवेगळ्या मेलने गेला असेल, तर तो पन्नास वेळा मोजला गेलाय.

टॉवेल_कारखाना
सगळ्यांचे मनापासून आभार. कॅटलॉगचं अगदी खरं निघालं, दिवाळीआधीच्या पाठवलेल्या मेलमध्येच ढीग आहे. अप्पांच्या फोनचं नवं खातं काढलं, फोटो हार्डडिस्कवर उतरतायत. शेवटचं विचारते: जुन्या मेलची एक प्रत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कायमची कशी ठेवायची? थंडरबर्ड (कॉम्प्युटरवर मेल बघायचं सॉफ्टवेअर) टाकलं तर चालेल?

जुळे_सोलापूरकर
चालेल, पण जपून. थंडरबर्डमध्ये आयमॅपने, म्हणजे सर्व्हरशी सतत जुळवून घेणाऱ्या पद्धतीने, खातं जोडलं की तिथे दिसतं ते जीमेलचंच प्रतिबिंब असतं. जीमेलमधून उडवलं की तिथूनही उडतं. म्हणून डाव्या बाजूला तळाशी 'लोकल फोल्डर्स' असतं, त्यात पार्टीच्या नावाने फोल्डर करा आणि मेल तिथे कॉपी करा. नेट बंद करून दोन मेल अटॅचमेंटसकट उघडतात का बघा. उघडल्या तरच जीमेलमधून काढा, आणि त्या फोल्डरची दुसरी प्रत घरच्या हार्डडिस्कवर ठेवा.