स्पेकवरून बॅकएंडचा कोड आपोआप काढावा का?

गोदाकाठ

आमची कंपनी लहान आहे, सात जणांची, गंगापूर रोडला. काम बहुतेक कांदा-द्राक्षांच्या व्यवहारांचं. पिंपळगावकडच्या एका कांदा व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो: ट्रॉलीची आवक, लिलावात ठरलेला भाव, काट्यावरचं वजन आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी हिशोबपट्टी. गेल्या हंगामात एका ट्रॉलीचं वजन बॅकएंडने, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमने, २१.४० असं पाठवलं, क्विंटलमध्ये. अँड्रॉइडवाल्या मुलाने ते किलो धरलं. मोबाइलवर एकवीस किलो कांद्याची पट्टी आली. शेतकरी काउंटरवर उभा, मागे रांग. ऑफिसात दोन दिवस चूक कोणाची यावर वाद झाला. वजन कशात पाठवायचं हे कुठे लिहिलेलंच नव्हतं.

तेव्हापासून आम्ही आधी ओपनएपीआयची स्पेक लिहितो, म्हणजे अ‍ॅप आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा ठरीव नमुन्यातला करार. कुठला एंडपॉइंट (सर्व्हरवरचा पत्ता), आत काय येणार, बाहेर काय जाणार, चुकलं तर कुठला कोड परत जाणार, सगळं एका यॅमल फाइलमध्ये, साध्या मजकुरात. त्याच फाइलवरून ओपनएपीआय जनरेटर हे टूल बॅकएंडला स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कचे इंटरफेस (काय काय करायचं त्याची यादी) आणि मॉडेल (डेटाचे साचे) काढून देतं आणि अँड्रॉइडला कोटलिन भाषेतला क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी बोलणारा कोड. माझं मत ठाम आहे: कंट्रोलरचा (रिक्वेस्ट हातात घेणाऱ्या कोडचा) सांगाडा, रिक्वेस्टची मॉडेलं, 'हे फील्ड हवंच', 'भाव शून्याखाली नको' अशा तपासण्या हाताने लिहिणं बंद व्हायला हवं. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण सांगावं.

सातपूरकर

मला पटत नाही. अठरा वर्षं बॅकएंड करतोय, सुरुवात 'सोप'मध्ये झाली, म्हणजे सर्व्हरशी बोलायच्या जुन्या पद्धतीत. डब्ल्यूएसडीएल फाइल, म्हणजे तिची स्पेक, द्यायची आणि जावाचे क्लास काढून घ्यायचे. डब्ल्यूएसडीएल १.१ हे २००१ सालचं आहे, म्हणजे तुम्ही सांगताय ती गोष्ट नवी नाही. तेव्हाही 'आता हाताने लिहायला नको' हेच ऐकलं होतं. प्रत्यक्षात व्हायचं असं की निघालेल्या क्लासमध्ये घाईच्या दिवशी कोणीतरी चार ओळी घालायचा. पुढच्या वेळी जनरेट केलं की त्या पुसल्या जायच्या. मग जनरेट करायलाच कोणी धजावायचं नाही. सहा महिन्यांत फाइल एक सांगतेय आणि सर्व्हर दुसरंच करतोय, अशी गत.

आणि तुमचं उदाहरण. स्पेकमध्ये वजन हे 'नंबर'च राहणार ना? क्विंटल की किलो, हे जनरेटरला कुठे कळतं? तुमचा घोळ चौघं एकत्र बसून बोललात म्हणून मिटला. तेच वहीच्या पानावर लिहिलं असतं तरी मिटला असता.

गोदाकाठ

सातपूरकर, दुसरा मुद्दा मान्य. फील्डचं नाव आता 'वजन_क्विंटल' आहे, आणि ते नाव माणसांनीच ठरवलं. पण वहीचं पान कोणी कंपाइल करत नाही. उद्या कोणी ते नाव बदललं तर वहीला पत्ता लागत नाही. आमच्याकडे बॅकएंड आणि अँड्रॉइड दोन्हींचा बिल्ड (कोडचा प्रोग्रॅम बनवणं) त्याच क्षणी लाल होतो, म्हणजे अडतो.

चार ओळी घालण्याचं म्हणाल, तर जनरेट झालेला कोड आम्ही गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, ठेवतच नाही. प्रत्येक बिल्डला तो टार्गेट फोल्डरमध्ये नव्याने तयार होतो. जनरेटरला 'फक्त इंटरफेस दे' एवढंच सांगितलेलं आहे. त्या इंटरफेसमागचा क्लास आम्ही लिहितो. हात घालायला जागाच नाही.

अंबडची टेस्टर

'बिल्ड लाल होतो' हे नेहमी खरं नाही. माझी एक अख्खी दुपार यात गेली आहे.

स्प्रिंगच्या इंटरफेसमधल्या प्रत्येक मेथडला (एकेका कामाला) हा जनरेटर स्वतःची डिफॉल्ट बॉडी, म्हणजे आतला तयार कोड, देतो, आणि ती बॉडी ५०१ परत करते, म्हणजे 'अजून केलेलं नाही'. आमच्या स्पेकमध्ये आवक-यादीला 'हंगाम' हे पॅरामीटर वाढवलं. डेव्हलपरच्या क्लासमध्ये जुनीच मेथड होती आणि तिच्यावर 'ओव्हरराइड'ची, म्हणजे 'ही इंटरफेसमधलीच मेथड' अशी, खूण नव्हती. जावाच्या लेखी ती आता वेगळीच मेथड. कंपाइल बिनतक्रार झालं, सर्व्हर वर आला आणि कालपर्यंत चालणारी यादी ५०१ देऊ लागली. डेव्हलपर म्हणे, मी तर या क्लासला हातही लावला नाही. खरंच लावला नव्हता. जनरेटरला 'स्किप डिफॉल्ट इंटरफेस' हा पर्याय आहे, तो चालू केला की बॉडी जाते आणि मग बिल्ड अडतो. मुळात मात्र तो बंद असतो. गोदाकाठ, तुमच्याकडे चालू आहे का, आज बघा.

दुसरं, कांद्याचाच प्रकार. स्पेकमध्ये मालाच्या प्रकारांचा ईनम (ठरावीक पर्यायांची यादी) होता: लाल, उन्हाळ, पांढरा. 'गोल्टी'ही (बारीक कांदा) हवी म्हणून वाढवली. सर्व्हरचं सगळं हिरवं. पण लोकांच्या फोनवर जुनं अ‍ॅप होतं, त्याच्यातल्या जनरेट झालेल्या ईनमला गोल्टी ठाऊक नव्हती. पहिली गोल्टीची ट्रॉली यादीत आली आणि ती अख्खी यादीच उघडेना, लाल कांद्यासकट. हाताने लिहिणाऱ्याने 'अनोळखी आलं तर नुसतं नाव दाखव' अशी एक ओळ सहज टाकली असती. जनरेटरमध्ये अशा अनोळखी प्रकारासाठी पर्याय आहे, पण तोही आधीपासून चालू नसतो.

निफाडची लेक

मी तर उलट दिशेने जाणारी आहे. आधी कोड, त्यातून स्पेक. फास्टएपीआय या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये टाइप (कुठल्या फील्डमध्ये काय चालेल ते) लिहिले की ओपनएपीआयची स्पेक आपोआप तयार होते. जो टाइप रिक्वेस्ट तपासतो त्याच्यातूनच स्पेक निघते, म्हणून दोन्हींत फारकत पडायला वाव कमी.

हाताने यॅमल लिहिणं का सोडलं ते सांगते. पत्त्याच्या मॉडेलमध्ये उदाहरण म्हणून नाशिकचा एसटीडी कोड टाकला होता, ०२५३, अवतरणचिन्हाशिवाय. डॉक्युमेंटेशनमध्ये दिसायला लागलं १७१. आम्ही डोकं खाजवत बसलो. यॅमल १.१ मध्ये शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान धरतात: दोन चौसष्ट, पाच अठ्ठे आणि तीन, एकूण १७१. यॅमल १.२ मध्ये हा नियम २००९ सालीच बदलला, पण पायथनचं जे पार्सर (फाइल वाचणारं टूल) सगळे वापरतात ते अजून १.१ प्रमाणे चालतं. मोबाइल नंबर शून्याने सुरू होत नाही म्हणून इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ज्या फाइलवर तुम्ही सगळ्या एपीआयचा पाया घालणार, ती इतकी नाजूक असू नये.

अंबडची टेस्टर

ताई, पण कोडमधून स्पेक निघते तेव्हा ती कोणी वाचत नाही, हा माझा अनुभव आहे. डेव्हलपरने फील्डचं नाव सुधारलं की स्पेकही गुपचूप सुधारते आणि मोबाइलवाल्याला कळतं ते अ‍ॅप पडल्यावर. आधी लिहिलेली स्पेक निदान मर्ज होण्याआधी (मुख्य कोडात मिसळण्याआधी) चौघांच्या डोळ्यांखालून जाते.

निफाडची लेक

हे खरं आहे. त्यावर आम्ही एवढंच केलंय की निघालेली स्पेक गिटमध्ये ठेवतो आणि आधीच्या स्पेकशी तिची तुलना करून जुनं काही मोडत असेल तर मर्ज अडवतो. तुमचा गोल्टीचा प्रकार त्यात सापडला असता असं मात्र मी छातीठोक म्हणणार नाही. ईनममध्ये एक प्रकार वाढवणं म्हणजे जुनं मोडणं असं कुणाच्या चटकन मनात येत नाही.

पंचवटी फ्रेशर

सर, मॅडम, एक विचारतो. आता एआयला स्पेक दिली की तो कंट्रोलरसकट आतलं सगळं लिहून देतो. मग जनरेटर शिकावा का?

गोदाकाठ

शिकावा. त्याच आवृत्तीच्या जनरेटरला तीच फाइल आणि तेच पर्याय दे, आज आणि पुढच्या वर्षी तोच कोड निघेल. म्हणूनच तो न वाचता फेकून पुन्हा काढता येतो. एआयने लिहिलेलं दर वेळी वेगळं येऊ शकतं, ते माणसाने लिहिल्यासारखं ओळ न ओळ वाचावं लागतं. आतलं काम त्याच्याकडून करून घे, हरकत नाही, पण वाच.

सातपूरकर

आतलं काम म्हणालात, तिथेच माझं दुखणं आहे. सगळी चर्चा दारावर चाललीय. घरात काय? चांदवडच्या घाटात नेटवर्क जातं, अ‍ॅप तीच पट्टी दुसऱ्यांदा पाठवतं, आणि एका ट्रॉलीच्या दोन पट्ट्या होतात. तुमच्या स्पेकप्रमाणे दोन्ही रिक्वेस्ट शंभर टक्के बरोबर. वजन आहे, भाव शून्याच्या वर आहे, प्रकार ईनममधला आहे. हमाली-तोलाई कुणाच्या खात्यावर, पट्टी रद्द केली तर आडत परत द्यायची का, हे कुठल्या यॅमलमध्ये बसतं? पोरांना वाटतं, एंडपॉइंट निघाले म्हणजे निम्मं काम झालं. माझ्या मते दहावा हिस्साही होत नाही, आणि मला राग येतो तो याच गोष्टीचा.

गोदाकाठ

तुमचा राग रास्त आहे. दोन पट्ट्यांचा प्रकार आमच्याकडेही झालाय. त्यावर स्पेकमध्ये एक हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी जास्तीची माहिती) सक्तीचं केलं: प्रत्येक पट्टीला अ‍ॅपने स्वतःचा एक क्रमांक द्यायचा, पुन्हा पाठवताना तोच. हेडर नसेल तर रिक्वेस्ट दारातूनच परत जाते, हे काम जनरेट झालेला कोड करतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी पट्टी न करता जुनीच परत द्यायची, हे आम्ही हाताने लिहिलं. त्याला साडेतीन दिवस लागले. ते साडेतीन दिवस मिळाले कारण दाराचं काम करत बसावं लागलं नाही. मी दाराबद्दल हट्ट धरतोय तो एवढ्यासाठीच.

आणि टेस्टर ताई, आत्ता पाहिलं. 'स्किप डिफॉल्ट इंटरफेस' आमच्याकडे बंदच होता. चालू करून बिल्ड केला तर दोन मेथड अडल्या. एक रद्द पट्ट्यांच्या यादीची आहे, ती कधीपासून ५०१ देतेय ते आता लॉगमध्ये शोधतोय.

सातपूरकर

लॉगमध्ये काय निघतं ते इथे लिहा. मी माझ्या प्रोजेक्टला जनरेटर लावणार नाही, पण हेडर दारातच तपासायची पद्धत घेतो. आमच्याकडे कंट्रोलर सहा, ती तपासणी पाचांत पाच वेळा लिहिलेली आहे आणि सहाव्यात ती नाहीच, हे तुमचं वाचून मघाशी सापडलं.