झाडीपट्टीतल्या पोरानं रॉकचा सेशन ड्रमर व्हायचं ठरवलं तर?

वैनगंगाकाठ
आमच्या वडसा भागातला एक पोरगा झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य वाजवतो. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की रात्रभर नाटक आणि दुसऱ्या दिवशी पुढचं गाव. उरलेल्या वेळात तो रॉक वाजवतो. त्याला सेशन ड्रमर व्हायचं आहे, म्हणजे एकाच बँडशी बांधून न घेता ज्याला गाण्यासाठी ड्रम्स हवेत त्याच्याकडे वाजवायचं आणि मेहनताना घ्यायचा. घरचे म्हणतात, पोलीस भरतीची तयारी कर. माझं मत, त्याला पाच वर्षं द्यावीत.

या कामात चेहरा लागत नाही, हात लागतो. हॅल ब्लेन शिकागोत रीतसर ड्रम्स शिकला आणि १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत बीच बॉईज, सायमन अँड गारफंकल अशा कितीतरी जणांसाठी वाजवत राहिला. तबकडीवर नाव त्यांचं, ठेका याचा. आणि हे फक्त महानगरांतच होतं असंही नाही. अलाबामात टेनेसी नदीकाठी मसल शोल्स नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या रॉजर हॉकिन्सनं १९६७ साली गायिका अरेथा फ्रँकलिनसाठी ड्रम्स वाजवले. १९६९ मध्ये त्यानं तिघा साथीदारांबरोबर शेजारच्या शेफील्डमध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला आणि त्याच डिसेंबरात रोलिंग स्टोन्स हा बडा रॉक बँड तिथं रेकॉर्डिंगला आला. काम चांगलं असलं की मोठी माणसं गावापर्यंत येतात.

कपाशीवाला
भाऊ, अलाबामाचं उदाहरण इथं काहून देता? त्या गावाजवळ नॅशव्हिल होतं, मेम्फिस होतं, रेकॉर्ड कंपन्या होत्या. तिकडं वादकांची युनियन आहे, तीन तासांच्या सेशनचा दर ठरलेला असतो. आपल्याकडं रॉक बँडकडं आधीच स्वतःचा ड्रमर असतो आणि पैसा नसतो. मुंबईत सिनेमाचं काम आहे, पण तिथंही निम्मं वाजवणं आता कॉम्प्युटरवरच होते.

हे आजचं नाही. १९८० साली रॉजर लिननं एलएम-१ नावाचं ड्रम मशीन आणलं, त्यात खऱ्या ड्रम्सचे आवाज भरलेले होते. त्यानंतर ड्रमरशिवाय होणारी गाणी वाढत गेली. आज तर लॅपटॉप उघडला की ड्रम्स हजर. कपाशी बुडाली तं पुढच्या हंगामात तूर पेरता येते, भरतीचं वय गेल्यावर पोट्ट्यानं काय करावं? त्याच्या बापाची धानाची शेती किती आहे तेही सांगा.

ऑर्गनमास्तर
मी झाडीपट्टीत ऑर्गन वाजवतो, म्हणून पैशांआधी वाजवण्याबद्दल बोलतो.

ऑक्टोपॅडवाला म्हणजे ड्रमर, हा समज सोडा. पॅडवर काठी पडली की आत भरलेला आवाज येतो. खऱ्या किटवर आवाज तुम्हाला तयार करावा लागतो. स्नेअरचं, म्हणजे समोरच्या चपट्या ड्रमचं, कातडं किती ताणायचं, टॉम्सचे, म्हणजे बाजूच्या ड्रम्सचे, सूर कसे जुळवायचे, घुमणारा टॉम टेप लावून कसा आवरायचा, हे सगळं शिकावं लागतं. उजव्या पायाला किक, म्हणजे खालचा मोठा ड्रम, डाव्याला हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी. आमच्या पोरांचे पाय त्या कामाला सरावलेलेच नसतात.

दुसरी गोष्ट लयीची. नाटकात लावणी रंगली, शिट्ट्या पडल्या की लय आपोआप वाढते आणि आम्ही सगळे तिच्यामागे धावतो. तिथं ती वाढायलाच पाहिजे, पण स्टुडिओत कानात क्लिक, म्हणजे एकसारखी लय दाखवणारी टिकटिक, वाजत असतो आणि ड्रमर त्याच्यापुढे गेला की गिटार, बास, गायक सगळ्यांचं काम बिघडतं. संथ ठेका क्लिकवर चार मिनिटं धरून ठेवणं वेगवान रोलपेक्षा, म्हणजे भराभर पडणाऱ्या काठ्यांपेक्षा, अवघड आहे. यूट्यूबवर पोरं रोल शिकतात, ठेका कोणी शिकत नाही.

पण या पोराजवळ एक गोष्ट अशी आहे जी शहरातल्या क्लासमध्ये मिळत नाही. नट संवाद लांबवतो, मधेच गाणं उचलतो, पट्टी बदलतो, आणि आमचा वादक तालीम नसताना सांभाळून नेतो. अनोळखी गाणं एकदा ऐकून दुसऱ्यांदा बरोबर वाजवायचं, सेशनवाल्याकडून हेच मागतात. त्याला नोटेशन, म्हणजे संगीताची लिपी, वाचायला आणि क्लिकवर वाजवायला शिकवा. तो टिकेल असं मला मनापासून वाटतं.

वकीलताई_चंद्रपूर
जायचं तर जावं, पण तोंडी बोलीवर जाऊ नये. सप्टेंबर १९६२ मध्ये बीटल्सच्या ‘लव्ह मी डू’साठी अँडी व्हाइट हा सेशन ड्रमर बोलावला होता, रिंगो स्टारच्या हातात त्या वेळी टॅम्बरिन दिलं. पुढे अल्बमवर हीच आवृत्ती आली. व्हाइटला सेशनचा ठरलेला मेहनताना मिळाला, रॉयल्टी नाही.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली सुधारणा झाली आणि सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर कलाकाराला रॉयल्टीचा हक्क मिळाला. मात्र सिनेमात ज्याचं काम किरकोळ धरलं जातं आणि रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला कायदा बहुतेक बाबतींत कलाकारच मानत नाही. म्हणून नाव कुठे येणार आणि पैसे कधी मिळणार, हे वाजवण्याआधी कागदावर घ्यावं.

वैनगंगाकाठ
कपाशीवाले दादा, शेती दोन एकर आहे. म्हणूनच नाटकाचा हंगाम सोडू नको असं त्याला सांगितलंय. त्या पैशांवर घर चालतं, बाकीचे महिने सरावाला. भरतीसाठी सकाळी धावायला जातो ते चालूच राहील. आता पुण्यामुंबईच्या बँडला घरून ड्रम्स वाजवून पाठवता येतात. त्यासाठी आठ माईक कॉम्प्युटरला जोडता येतील असा इंटरफेस आणि बरी खोली लागते.

कपाशीवाला
खोली कुठून आणता? टिनाच्या छपराखाली स्नेअर वाजवली तं कान फुटतील.

ऑर्गनमास्तर
कापसाच्या जुन्या गाद्या भिंतींना आणि छताला लावा, झांजांचा कल्ला बराच कमी होतो. किकचा दणका मात्र त्यानं जिरत नाही, त्याला फार जाडी लागते. म्हणून पाठवण्याजोगं रेकॉर्डिंग सध्या नागपुरात करा, घरी फक्त सराव.

कपाशीवाला
मग पाच नाही, दोन वर्षं. दोन वर्षांत बाहेरच्या माणसानं पैसे देऊन दुसऱ्यांदा बोलावलं नाही तं भरती. ओळखीच्यानं बोलावलेलं धरू नका. एवढं कबूल असेल तं मी विरोध सोडतो.

वैनगंगाकाठ
दोन वर्षं कमी आहेत, नोटेशनमध्येच एक जाईल. तीन.

ऑर्गनमास्तर
वर्षं नंतर ठरवा. त्याला आधी एकाच ठेक्याची चार मिनिटं क्लिकवर, न कापता रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. मंडईआधी पाठवलं तर मी ऐकून जिथं सरकलाय ती जागा सांगतो.