मदत हवी आहे: रिमोटच्या विमानांची हौशी स्केल स्पर्धा, गुण कसे द्यावेत?

नमस्कार मंडळी,

नाशकात रिमोटची विमानं उडवणाऱ्यांचा आमचा छोटासा कंपू आहे. संक्रांत उलटून झाडांवरचा मांजा जरा कमी झाला की एका रविवारी सकाळी, वारा सुटायच्या आत, स्केल उड्डाणाची, म्हणजे खऱ्या विमानांच्या छोट्या प्रतिकृती उडवायची, स्पर्धा घ्यायचं घाटतंय. सगळा हौसेचा मामला, बक्षीस द्राक्षांची एक पेटी. नियम लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

जागेचं जमलंय. गांधीनगरला लष्कराची धावपट्टी, ओझरला विमानतळ, त्यामुळे शहराजवळ आपल्याला फारसा वाव नाही. सिन्नरच्या पलीकडे एका मित्राचं रान सोयाबीन निघाल्यापासून मोकळं आहे. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर तो भाग हिरवा (परवानगी न लागणारा) दिसतो आणि १२० मीटरच्या वर कुणाला जायचंही नाही. तेव्हा परवानगीवरची चर्चा कृपया दुसऱ्या धाग्यावर.

घोडं अडलंय ते गुणांपाशी. निम्मे जण खोक्यातून तयार, साच्यातल्या ईपीओ फोमचं विमान काढणार. पॅनेलच्या रेघा, स्टिकर, सगळं कारखान्यातूनच आलेलं. उरलेले सनबोर्ड (फोमचा हलका पुठ्ठा), ग्लू गन आणि टेप घेऊन रात्री जागवणारे. जमिनीवर शेजारी ठेवली तर खोकेवाला जिंकणार हे उघड आहे, आणि माझ्या मते तसं होता कामा नये. स्केल स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय एफ४सी प्रकारात विमान उडवणाऱ्यानेच बांधलेलं लागतं. तो नियम लावला तर निम्मा कंपू घरी बसेल. खऱ्या विमानाच्या नकाशे-फोटोंची फाइल पुरावा म्हणून मागितली तर उरलेलाही.

त्यात प्रत्येकाला मिग-२१ हे लढाऊ विमान करायचंय. साहजिक आहे म्हणा. ओझरला बनलेलं विमान, २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलातून निवृत्त झालं, आणि आमच्याकडे घरटी एक माणूस एचएएलमधला (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, ओझरचा विमान कारखाना). पण खऱ्याचा पंखविस्तारच ७.१५ मीटर. १/१० मापाला जेमतेम ७१ सेंटिमीटर होतो, आणि ते डोळ्यांसमोरून सुईसारखं निघून जातं. मी एचएएलचंच पुष्पक बांधतोय, १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं, फ्लाइंग क्लबांचं विमान. १/८ मापाला पंख १३७ सेंटिमीटरच्या आसपास येतात आणि ते डुलत डुलत जातं. टाळ्या मात्र मिगलाच पडतात. (म्हणजे माझं मत निःपक्षपाती धरू नका.)

तर दिसण्याला किती गुण आणि उडण्याला किती? वेगाचं काय करायचं? परीक्षक म्हणून मित्राचे काका आहेत, ओझरहून निवृत्त झालेले. त्यांच्यापुढे मिग ठेवलं तर दहापैकी दोनच्या वर कुणी जाणार नाही, ही वेगळीच भीती.

पतंगबाज:
दिसण्याला २५, उडण्याला ७५ ठेवा. फाइल नको, खऱ्या विमानाचा एक फोटो पुरे. काकांना दहा पावलांवर खुर्ची द्या आणि तिथून उठू देऊ नका. एवढ्या अंतरावरून टेप दिसत नाही, फक्त आकार आणि रंग दिसतो.

उड्डाणात टेकऑफ, आठचा आकडा, लो पास, उतरता ३६० अंशांचा वळसा आणि लँडिंग. प्रत्येकाला दहापैकी गुण, आणि उरलेले २५ ‘खऱ्यासारखं वाटलं का’ याला. प्रत्येक कसरत सुरू करताना पायलटने ‘आता!’ ओरडायचं, संपली की ‘झालं!’. नाहीतर नुसतं भरकटलेलं विमानही आठचा आकडा म्हणून खपवतात. दोन फेऱ्या घ्या, चांगली धरा.

सनबोर्डवाला:
वेगाबद्दल. मिग उतरायचं ते ताशी ३०० किलोमीटरच्या वर. डोळ्यांना खरं वाटायला १/१० मॉडेलने तिशीत उतरायला हवं. पण उडण्याच्या गणितात वेग मापाच्या वर्गमुळाने घटतो, म्हणजे वजनही मापात राखलं तर शंभराच्या आसपास. मापातलं वजन मात्र घनाने घटतं: सहा-सात टनांचे सहा-सात किलो. सनबोर्डचं मिग एक किलोच्या आत बसतं, त्यामुळे चाळिशीतही उतरवता येतं. जितकं हलकं तितकं खऱ्यासारखं, म्हणजे फायदा सनबोर्डलाच. तेव्हा ‘खऱ्यासारखं’ला २५ गुण असतील तर खोकेवाल्यांची फार चिंता करू नका. फक्त सीजी (गुरुत्वमध्य) पुढे ठेवायला सांगा, मिगचा तिकोनी डेल्टा पंख त्याबाबतीत अजिबात दयाळू नसतो.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार, २५-७५ पक्कं. काकांची खुर्चीही. एकच राहिलं: रानाला लागून शेजाऱ्याचा कांदा आहे. तिथे उतरलं तर?

पतंगबाज:
लँडिंगचं शून्य. आणि मालकाला न विचारता वाफ्यात पाय टाकला तर थेट बाद, मग पुष्पक असो की मिग.