कच्छच्या लांबच्या प्रवासानंतर घराची घडी पुन्हा कशी बसवावी?

गुलबक्षी (पुणे):
दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब स्वतःच्या गाडीने कच्छला गेलो होतो. बडोद्यावरून भुज, तेथून धोरडोचे पांढरे रण, धोळावीरा व लखपत, आणि परतीच्या वाटेवर द्वारका व सोमनाथ असा मोठा फेरा करून नुकतेच घरी आलो आहोत. प्रवास फार चांगला झाला. अडचण त्यानंतरची आहे. शाळेचे दुसरे सत्र सुरू होऊनही मुले रात्री वेळेवर झोपत नाहीत, घर खायला उठते असे सासूबाई म्हणतात, यजमान रोज संध्याकाळी बाहेरून जेवण मागवण्याचा विषय काढतात आणि अर्ध्या बॅगा अजून दिवाणखान्यातच आहेत. इतकी विश्रांती मिळूनही मी मात्र निघण्यापूर्वी होते त्याहून अधिक थकले आहे. अशा वेळी कोणती कामे आधी हाती घ्यावीत?

उंबरठा:
तुम्ही शेवटी ज्याचा ओझरता उल्लेख केला आहे, तो थकवा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रवासात स्वयंपाक, भांडी आणि अंथरुणे ही कामे परभारे होत होती व सामानाची चढउतार सगळे मिळून करत होते. घराचे कुलूप उघडताच इतरांचा प्रवास संपला आणि तुमचे काम सुरू झाले. म्हणून कामांच्या क्रमाआधी त्यांची वाटणी ठरवावी. ज्याची बॅग त्याने रिकामी करावी आणि धुण्याची संपूर्ण जबाबदारी, म्हणजे वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालून ते कपाटात ठेवेपर्यंतची, यजमानांनी घ्यावी. स्वयंपाकात काही दिवस खिचडी, वरणभात आणि एखादी भाजी एवढ्यावरच थांबावे; दुधाचा रतीब सुरू करून विरजण शेजारून आणावे.

बंद घराची एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बरेच दिवस वापर नसला की नहाणी ट्रॅपमधले, म्हणजे न्हाणीघरातल्या जाळीखाली वास अडवण्यासाठी साचून राहणारे, पाणी आटते आणि गटाराचा वास व झुरळे थेट घरात येतात. त्यामुळे प्रत्येक जाळीत थोडे पाणी ओतावे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात साठून राहिलेले पाणीही पिण्यासाठी न वापरता सोडून द्यावे.

लांबपल्ला:
गाडीकडे मात्र याच आठवड्यात पाहावे. रणातला चिखल खारट असतो आणि तो चाकांवरच्या कमानींत व गाडीच्या तळाला चिकटून राहिला, तर ओल धरून पत्र्याला गंज चढवतो. वरून पुसून भागत नाही. गाडी रॅम्पवर घेऊन खालून गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून घ्यावी. त्याच फेरीत एअर फिल्टर, एसीचा फिल्टर आणि चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे. फास्टॅगमधून एकाच टोलनाक्यावर दोनदा पैसे कापले गेले आहेत का, हेही खात्याच्या नोंदीत पाहावे.

सायंतारा:
मुलांच्या बाबतीत झोपण्याच्या वेळेवरून वाद घालण्यापेक्षा उठण्याची वेळ पक्की करावी, रविवारीसुद्धा. कच्छ पुण्याच्या बरेच पश्चिमेला आणि उत्तरेलाही असल्याने या दिवसांत तेथे सूर्य सुमारे वीस-पंचवीस मिनिटे उशिरा उगवतो. त्यात सुट्टीची मोकळीक मिळाल्यावर सगळा दिवसच पुढे सरकतो. सकाळी उठताच त्यांना उजेडात, गच्चीवर किंवा अंगणात, थोडा वेळ पाठवावे. मग रात्री झोप आपोआप लवकर येऊ लागते, पण त्याला काही दिवस द्यावे लागतात.

सासूबाईंचे कारण मला वेगळे दिसते. गाडीत मुलगा, सून आणि नातवंडे दिवसभर त्यांच्या हाताच्या अंतरावर होती आणि आता दुपारभर घरात त्या एकट्याच असतात. त्यांना विश्रांती घ्या असे सांगण्यापेक्षा रात्रीचे जेवण तरी सर्वांनी एकत्र, फोन आणि दूरदर्शन बंद ठेवून घ्यावे. द्वारकेचा प्रसाद आसपासच्या घरी देण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे. त्यानिमित्ताने ओळखीच्या बायकांशी बोलणे होईल आणि प्रवासाच्या गोष्टी सांगायला हक्काचे श्रोतेही मिळतील.

गुलबक्षी (पुणे):
सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रसादाचे डबे सासूबाईंनी आजच भरायला घेतले. यजमानांनी लांबपल्ला यांचा प्रतिसाद वाचून उद्याच गाडी धुवून आणण्याचे मान्य केले आहे. उंबरठा यांचा प्रतिसाद त्यांनी अद्याप वाचलेला नाही, तो मी आज जेवताना मोठ्याने वाचून दाखवणार आहे.