मदत हवी आहे: उसाच्या काणीची पूड (बीजाणू) एकत्र करून वाण तपासायचे की वेगवेगळी ठेवून?

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातली, एम.एस्सी.ला वनस्पती रोगशास्त्र घेतलंय. यंदा आमच्या को ८६०३२ वाणाच्या खोडव्यात, म्हणजे कापणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, काणी हा बुरशीचा रोग आला. बेटांतून ते काळे चाबूक निघालेले बघून वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेजारच्या गावात आणि कराडकडच्या एका शेतातही ती सापडली. तिन्हीकडचे चाबूक पिशवी बांधून कापून आणलेत, पूड तीन पाकिटांत वेगळी ठेवलीय.

टिपऱ्या (लावायचे उसाचे तुकडे) बीजाणूंच्या पाण्यात अर्धा तास बुडवून लावायच्या, मिलीला १० लाख बीजाणू, हे मला येतं. प्रश्न पुढचा आहे. गाईड म्हणतात, तिन्ही एकत्र करा, परीक्षा कडक होईल. मला पटत नाही. वाण रोगाला बळी पडला तर कुठल्या गावच्या काणीमुळे हे कसं कळणार? आणि एकाच गावच्या बुरशीवर प्रतिकारक ठरलेला वाण दुसऱ्या गावात काळा पडला, तर बेणं घेणाऱ्याचं वर्ष जातं.

पण वेगळं करायचं तर ३ बुरशी, ५ वाण, प्रत्येक जोडी ३ वेळा, म्हणजे ४५ वाफे. मला मिळालेत २४. शिवाय प्लॉटच्या पलीकडे एका काकांचा बेणेमळा (लागणीसाठीच्या उसाचा मळा) आहे. रोज फेरी मारून पूड झाकणारा पापुद्रा फुटायच्या आत चाबूक कापून जाळीन, पण तेवढं पुरेल का?

उत्तर:
ताई, आधी बेणेमळ्याचं. ती जागा सोडाच. एखादा चाबूक पानाआड राहतोच, आणि बीजाणू वाऱ्यावर जातात.

पूड वेगळीच ठेवा. वाण चार घ्या, वेळा दोन, २४ वाफ्यांत बसतं. चारात को ७४० हवाच. तो काणीला सहज बळी पडतो, त्याच्यावरही चाबूक आला नाही तर चूक चाचणीत आहे. त्याआधी तिन्ही पुडी आगरवर (बुरशी वाढवायच्या जेलीवर) रुजवून बघा. एकीची रुजवण कमी निघाली तर ती बुरशी कमजोर नव्हे, पूड जुनी असेल. बेणं ५० अंशांच्या पाण्यात दोन तास ठेवून घ्या, आणि प्रत्येक वाणाची एक ओळ पूड न लावता लांब ठेवा. तिथं काणी दिसली तर ती बहुधा बेण्यातून आलेली. खोडवा मोडू नका, लागणीत, म्हणजे पहिल्या पिकात, न दिसलेली काणी खोडव्यात वर येते.

धागाकर्ती:
दादा, खूप आभार. रुजवण बघायचं माझ्या डोक्यातच नव्हतं. बेणेमळ्याजवळची जागा आजच सोडते. आता वाळवा-कराड पट्ट्यात चारी बाजूंना ऊस नसलेले चार-पाच गुंठे कुणाच्या ओळखीत आहेत का? दोन हंगामांसाठी हवेत, भाडं देईन.